अंड्यांवर न बसणारा पक्षी

थंडीच्या दिवसांत सकाळी लवकर उठून एखाद्या शेतकऱ्याच्या घरामागचा उकिरडा तुम्ही पाहिला आहे का? शेण, पालापाचोळा, भुसा यांच्या त्या ढिगातून वाफा निघत असतात. पाहिला नसेल तर शाळेच्या बागेतील खताच्या ढिगावर एक सोपा प्रयोग करा. काठीने हातभर खोल भोक पाडा आणि त्यात प्रयोगशाळेतील तापमापक दोरी बांधून सोडा. (ताप पाहण्याचा तापमापक वापरू नका, तो फुटेल. आणि ढिगात हात घालू नका. विंचवांना व गोमींनाही तिथली ऊब आवडते.) पाच मिनिटांनी तापमापक वाचा. ढीग ताजा व ओलसर असेल तर आतले तापमान बाहेरच्या हवेपेक्षा कितीतरी जास्त भरेल. ही उष्णता जीवाणूंची आणि बुरशीची. पालापाचोळा कुजवताना ते त्यातील अन्नाचे जे विघटन करतात, त्यातून ती बाहेर पडते.

या उकिरड्यावर कोंबड्या दिवसभर पाय मारीत असतात, पण त्या किडे शोधण्यासाठी. अंडी उबवायची वेळ आली की कोंबडी खुडूक होते आणि एकवीस दिवस अंडी पोटाखाली घेऊन बसते. खाणेपिणेही ती घाईघाईने उरकते. शेजारी ऊब देणारा ढीग फुकट पडलेला असताना तिने हा त्रास का घ्यावा, असा प्रश्न तुमच्या मनात आला तर तो मुळीच वेडगळ नाही. कोंबडीच्याच गणात असे पक्षी आहेत, की जे हा त्रास घेत नाहीत. त्यांपैकी एक आपल्या देशात राहतो.

त्याचे नाव निकोबारचा मेगापोड. मेगापोड या ग्रीक शब्दाचा अर्थ मोठ्या पायाचा. कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या संग्रहालयाचे एडवर्ड ब्लाइथ यांनी १८४६ मध्ये त्याला शास्त्रीय नाव दिले. पुढे मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे हुमायून अब्दुलअली यांनी १९६० आणि १९७० च्या दशकांत निकोबार बेटांवरील पक्ष्यांची पाहणी केली, तीत त्याच्याही नोंदी आहेत. दिसायला हा पक्षी अगदी साधा. आकार कोंबडीएवढा, रंग तपकिरी, शेपूट आखूड, चेहऱ्यावरची कातडी उघडी व तांबूस. नजरेत भरतात ते फक्त पाय. शरीराच्या मानाने ते इतके मोठे व दणकट असतात की कुणा दुसऱ्या पक्ष्याचे लावून दिले असावेत असे वाटते. निकोबार बेटांखेरीज जगात तो कोठेही आढळत नाही. त्याच्या कुळात वीसएक जाती आहेत, पण त्या ऑस्ट्रेलिया, न्यू गिनी, इंडोनेशिया, फिलिपाइन्स व पॅसिफिकमधील बेटांवर. निकोबारहून निघून त्याचा जवळचा भाऊबंद गाठायचा, तर बोर्निओच्या उत्तर किनाऱ्याजवळच्या बेटांपर्यंत जावे लागते.

समुद्रकिनाऱ्यालगतच्या जंगलात मेगापोडची जोडी पायांनी मागे मागे उकरीत वाळू, पोवळ्यांचा चुरा, माती आणि पालापाचोळा एका ठिकाणी लोटते. वर्षानुवर्षे भर पडून हा ढीग कधी कधी माणसाच्या कमरेएवढा उंच आणि कित्येक मीटर रुंद होतो. एकाच ढिगाचा वापर एकाहून अधिक जोड्या करतात. मादी ढिगात खोल खड्डा करते, एक अंडे घालते, खड्डा बुजवते आणि निघून जाते. काही दिवसांनी दुसरे अंडे. ऊन आणि कुजणारा पाला मिळून अंड्यांना लागणारी ऊब पुरवतात. पिल्लू बाहेर यायला दोन महिन्यांहून अधिक काळ लागतो.

पिल्लाची हकीकत तर त्याहून नवलाची आहे. कोंबडीच्या अंड्यात आतील द्रव्याचा सुमारे एक तृतीयांश भाग बलक असतो. मेगापोडांच्या अंड्यांत तो निम्म्यापासून दोन तृतीयांशापर्यंत असतो. म्हणजे शिदोरी भरपूर. कोंबडीचे पिल्लू चोचीच्या टोकावरील एका टणक उंचवट्याने कवच फोडते. मेगापोडच्या पिल्लाचा तो उंचवटा बाहेर येण्याआधीच नाहीसा होतो, आणि ते पाठीने रेटून व लाथा मारून कवच फोडते. बाहेर येते ते प्रकाशात नव्हे, तर हातभर वाळूखाली. तेथून वर यायला त्याला कित्येक तास, प्रसंगी दोन दिवसही लागतात. वर आल्यावर आईबाप तेथे नसतात. असले तरी ते त्याला ओळखत नाहीत. पिल्लाच्या पंखांत उडण्याची पिसे तयार असतात. ते झुडपांत पळते आणि त्या क्षणापासून स्वतःचे अन्न स्वतः शोधते. चारा भरवणे, पंखाखाली घेणे, घारीपासून वाचवणे हे प्रकार त्याच्या वाट्याला कधीच येत नाहीत.

आईबापांना मुळीच कष्ट नसतात असे मात्र समजू नका. ऑस्ट्रेलियातील कोरड्या प्रदेशात मॅलीफाउल नावाचा याचाच भाऊबंद राहतो. हॅरल्ड फ्रिथ या शास्त्रज्ञाने १९५० च्या दशकात त्याच्या ढिगात विजेच्या तारा बसवून प्रयोग केले. तारा तापवून त्याने ढिगातले तापमान वाढवले, की नर येऊन वाळू उकरून ढीग मोकळा करी. तापमान उतरू लागले, की तो वाळू पुन्हा ओढून घेई. चोचीत वाळू घेऊन तो तापमान अजमावतो आणि ढिगाच्या मध्यभागी सुमारे ३३ अंश सेल्सियस राखतो. हे काम वर्षातले कित्येक महिने चालते. वर सांगितलेला प्रयोग आठवडाभर करून पाहा. तुमच्या ढिगाचे तापमान ऊन, पाऊस, ओल यांप्रमाणे किती खालीवर होते ते लिहून ठेवा, म्हणजे या पक्ष्याची कामगिरी लक्षात येईल.

आता एक मोठा प्रश्न. अंडी जमिनीत पुरून ठेवणे ही मगरींची आणि कासवांची रीत. पक्षी डायनोसॉरांपासून उत्पन्न झाले, असे आज शास्त्रज्ञ मानतात. मग मेगापोड हा डायनोसॉरांची जुनी चाल जशीच्या तशी पाळणारा पक्षी म्हणायचा का?

प्रथम पक्षी आणि डायनोसॉर यांचे नाते पाहू. १८६१ मध्ये जर्मनीतील चुनखडकात आर्किऑप्टेरिक्सचा सांगाडा सापडला. सुमारे पंधरा कोटी वर्षांपूर्वीच्या या प्राण्याला पिसे होती, पण त्याचबरोबर दात, बोटांना नख्या आणि हाडांची लांब शेपटीही होती. इंग्लंडमधील टॉमस हक्सली यांनी त्यानंतरच्या दहा वर्षांतच पक्षी व डायनोसॉर यांतील साम्य दाखवून दिले. पण ती कल्पना पुढे मागे पडली. १९६४ मध्ये जॉन ऑस्ट्रम यांना अमेरिकेत डायनोनिकस हा चपळ मांसाहारी डायनोसॉर सापडला आणि त्याच्या मनगटाची रचना पाहून त्यांनी तो प्रश्न पुन्हा उकरून काढला. १९९६ मध्ये चीनमध्ये सायनोसॉरोप्टेरिक्स मिळाला. त्याच्या अंगावर पिसांसारख्या तंतूंचे आवरण स्पष्ट दिसत होते. त्यानंतर तेथे पिसेवाल्या डायनोसॉरांची रांगच लागली.

पुरावा पाहायला चीनला जाण्याची गरज नाही. मांसाहारी घरांतील विद्यार्थ्यांनी कोंबडीच्या गळ्याखालचे, इंग्रजी व्ही अक्षराच्या आकाराचे हाड जपून ठेवावे. तसेच हाड टायरॅनोसॉरसच्या सांगाड्यातही आहे. पोकळ हाडेही दोघांना समान. इतरांनी जिवंत कोंबडीच्या पायाकडे नीट पाहावे. पुढे वळलेली तीन बोटे, नख्या, आणि वर खवले. चिखलात उमटलेला तिचा ठसा आणि खडकात उमटलेले मांसाहारी डायनोसॉरांचे ठसे यांत मुख्य फरक आकाराचा.

म्हणजे डायनोसॉरांचा वारसा एकट्या मेगापोडचा नाही. तो चिमणीचा आहे, कावळ्याचाही आहे. राहिला प्रश्न अंडी पुरण्याचा.

डायनोसॉरांनी अंडी कशी उबवली हे पाहण्यासाठी आपला देश उत्तम आहे. सुमारे सात कोटी वर्षांपूर्वी, दख्खनच्या पठाराचा काळा कातळ बनवणारा लाव्हा वाहत होता त्या सुमारास, मध्य भारतात लांब मानेचे प्रचंड शाकाहारी डायनोसॉर वावरत होते. त्यांना टायटॅनोसॉर म्हणतात. आपल्या चंद्रपूर जिल्ह्यात पिसदुरा येथे त्यांची हाडे आणि अश्मीभूत विष्ठा सापडली आहे. नर्मदेच्या खोऱ्यात त्यांची घरटी मिळतात. मध्य प्रदेशातील धार जिल्ह्यातून ९२ घरटी आणि २५६ अंडी मिळाल्याचे शास्त्रज्ञांनी २०२३ मध्ये प्रसिद्ध केले. अंडी उथळ खड्ड्यांत घातलेली होती. एवढ्या अवजड आईने अंड्यांवर बसणे शक्यच नव्हते. त्याच भागात एक मजेदार नमुनाही मिळाला, एका अंड्यात दुसरे अंडे! असे अंडे क्वचित कोंबडीही देते. तयार झालेले अंडे नळीतून बाहेर येण्याऐवजी मागे सरकते आणि त्याच्यावर दुसरे कवच चढते. पक्ष्यांखेरीज इतर कोणात हे ठाऊक नव्हते.

पण अंडी पुरलेली होती की उघडी, हे कोट्यवधी वर्षांनंतर कळते कसे? कवचाच्या छिद्रांवरून. कोंबडीचे एक अंडे गरम पाण्यात सोडा. कवचावर बारीक बुडबुडे दिसू लागतील. आतली हवा तापून छिद्रांतून बाहेर पडते आहे. अशी हजारो छिद्रे कवचाला असतात, आणि त्यांतून गर्भ श्वासोच्छ्वास करतो. उघड्यावरच्या अंड्याला फार छिद्रे असतील तर आतले पाणी उडून जाईल. पुरलेल्या अंड्याभोवती मात्र हवा दमट आणि कोंदलेली असते. तेथे पाणी उडण्याची भीती कमी, प्राणवायू मिळण्याची अडचण जास्त. म्हणून पुरलेल्या अंड्यांच्या कवचातून वायूंची ये-जा अधिक सुलभ असावी लागते. टायटॅनोसॉरांची अंडी अशी सच्छिद्र आहेत. मेगापोडने तीच अडचण पातळ कवचाने सोडवली आहे.

येथे घाई केली तर फसाल. टायटॅनोसॉर हे पक्ष्यांचे पूर्वज नव्हेत. ते दुसऱ्या फांदीवरचे. पक्ष्यांची फांदी दोन पायांवर चालणाऱ्या मांसाहारी डायनोसॉरांची. त्यांची रीत काय होती?

याची गोष्ट सांगण्यासारखी आहे. १९२३ मध्ये रॉय चॅपमन अँड्रूज यांच्या अमेरिकन तुकडीला मंगोलियातील गोबीच्या वाळवंटात अंड्यांच्या घरट्याजवळ एका डायनोसॉरचा सांगाडा सापडला. अंडी प्रोटोसेराटॉप्स या दुसऱ्याच प्राण्याची असावीत आणि हा ती चोरायला आलेला असावा, असे मानले गेले. १९२४ मध्ये त्याचे नाव ठेवले ओव्हिरॅप्टर, म्हणजे अंडीचोर. सत्तर वर्षे हा आळ त्याच्यावर राहिला. १९९३ मध्ये त्याच संस्थेच्या दुसऱ्या तुकडीला गोबीत तशाच एका अंड्यात गर्भाचा सांगाडा मिळाला, आणि तो ओव्हिरॅप्टरच्याच कुळातला निघाला! पुढे अंड्यांच्या वर्तुळावर हात पसरून, कोंबडीसारखा बसलेला त्याच कुळातला एक सांगाडाही प्रसिद्ध झाला. वाळूने गाडला गेला तरी तो घरट्यावरून उठला नव्हता. चोर म्हणून ज्याची बदनामी झाली, तो बहुधा आपलीच अंडी राखीत होता. नाव मात्र बदलता येत नाही. नामकरणाचे नियम कडक आहेत.

ट्रूडॉन नावाच्या आणखी एका डायनोसॉरची अंडी जमिनीत अर्धी रोवलेली आणि अर्धी उघडी आढळली. पुरलेली अंडी, अर्धी उघडी अंडी, मग पूर्ण उघडे घरटे आणि वर बसलेला पक्षी, अशी ही वाट दिसते. आजचे जवळजवळ सारे पक्षी, शहामृगापासून बदकापर्यंत, अंड्यांवर बसतात. त्याअर्थी त्यांचा समान पूर्वजही बसत असणार. कोंबड्यांच्या गणातून मेगापोडांची फांदी फार आधी फुटली, पण तिच्याही मागे बसणाऱ्या पक्ष्यांची मोठी परंपरा आहे. तेव्हा आपल्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असे आहे. मेगापोडने जुनी चाल टिकवलेली नाही. त्याच्या पूर्वजांनी ती सोडली होती, आणि त्याने ती नव्याने शोधून काढली. पूर्वजांचा खुडूकपणा सोडणारा हा पक्षी आहे. सवय सारखी दिसली म्हणून ती वारशानेच आली असे नसते. वटवाघळाला आणि घारीला दोघांनाही पंख असतात, हे आठवा.

या शोधाने मेगापोडचा फायदा झाला, तसा तो बांधलाही गेला. कोंबडी घरटे हलवू शकते. मेगापोडचा ढीग हलत नाही. त्याला वाळू हवी, पाला पाडणारे जंगल हवे, आणि ही दोन्ही जेथे शेजारी शेजारी मिळतात ती जागा म्हणजे किनाऱ्याची अरुंद पट्टी. माणसालाही नेमकी तीच पट्टी नारळासाठी, वस्तीसाठी आणि रस्त्यासाठी हवी असते. बेटांवरचे लोक त्याची मोठी, बलकाने भरलेली अंडी फार पूर्वीपासून खात आले आहेत. बाहेरून आलेली कुत्री आणि मांजरे हा नवा धोका. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत या पक्ष्याला स्थान आहे, म्हणजे कायद्याचे सर्वांत कडक संरक्षण त्याला लाभले आहे.

पण कायदा समुद्राला लागू होत नाही. २६ डिसेंबर २००४ रोजी सुमात्राजवळ भूकंप झाला आणि त्सुनामीच्या लाटा निकोबारवर आदळल्या. हजारो माणसे गेली, गावेच्या गावे वाहून गेली. जमीनही खचली, ग्रेट निकोबारच्या दक्षिण टोकाला, इंदिरा पॉइंट येथे, ती चार मीटरांहून अधिक खाली गेली आणि तेथील दीपगृहाचा पाया पाण्यात आला. मेगापोडचे ढीग याच पट्टीत होते. या पक्ष्यासाठी राखलेले आणि त्याचेच नाव दिलेले मेगापोड बेट पाण्याखाली गेले. नंतरच्या पाहणीत किनाऱ्यावरील ढिगांची संख्या १९९० च्या दशकातील संख्येपेक्षा सुमारे ७० टक्क्यांनी घटल्याचे आढळले. उरलेल्या पक्ष्यांनी जेथे किनाऱ्याला जंगल शिल्लक होते तेथे ढीग चालू ठेवले.

पिल्लांना आईबाप लागत नाहीत, ही या कुळाची एक जमेची बाजू आहे. टोंगा देशातील निउआफोऊ बेटावरचा मेगापोड ज्वालामुखीने तापलेल्या मातीत अंडी पुरतो. तो त्या एकाच बेटावर उरला होता. १९९० च्या दशकात शास्त्रज्ञांनी त्याची अंडी व पिल्ले फोनुआलेई नावाच्या दुसऱ्या, माणसांची वस्ती नसलेल्या ज्वालामुखी बेटावर नेली. अंडी तेथल्या गरम मातीत पुरली. शिकवायला कोणी नसताना पिल्ले वर आली आणि त्या बेटावर आज मेगापोडांची वस्ती आहे. बहुतेक पक्ष्यांच्या बाबतीत असे करणे फार कठीण. पण हे जमले, कारण फोनुआलेईवर गरम माती तयार होती आणि जंगल होते.

ग्रेट निकोबारचा प्रश्न याच ठिकाणी येऊन अडतो. बेटाच्या दक्षिणेला गॅलेथिया उपसागर आहे. तेथे मेगापोडचे ढीग आहेत, आणि लेदरबॅक नावाची प्रचंड समुद्री कासवे त्याच वाळूत अंडी घालतात. तेथील अभयारण्याचा दर्जा जानेवारी २०२१ मध्ये काढून घेण्यात आला, आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये मोठे बंदर, विमानतळ, वीजकेंद्र व नगर उभारण्याच्या प्रकल्पाला पर्यावरण-मंजुरी मिळाली. त्यासाठी सुमारे १३० चौरस किलोमीटर जंगल लागणार आहे. जहाजांच्या मोठ्या मार्गाजवळ देशाला बंदर हवे, हा एक पक्ष. असे जंगल व किनारा पुन्हा तयार करता येणार नाही, हा दुसरा. मेगापोडसाठी २०२२ मध्ये जवळच्या मेन्चाल या लहान बेटावर नवे अभयारण्य घोषित झाले. आपल्या वर्गात या प्रश्नावर चर्चा घ्या, पण ती घेताना ढिगाचे गणित विसरू नका. अंडे एका दिवसात हलवता येते. ढीग तयार व्हायला वाळू, पाला आणि पुष्कळ वर्षे लागतात, आणि मेन्चालवर किती ढीग मावतील हे त्या बेटाच्या किनाऱ्याची लांबी ठरवणार आहे.